मूळपुरुष आणि त्याचा कागद : कुलवृत्तांताच्या वाचनाविषयी

१

मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत बखरीला स्वतंत्र प्रकरण असते, चरित्र-आत्मचरित्रांना असते, प्रवासवर्णनालाही असते. कुलवृत्तांत मात्र त्या इतिहासांच्या उंबरठ्याबाहेरच राहिला आहे. त्याचे लेखक बहुधा हौशी असतात. निवृत्त मुख्याध्यापक, रेल्वेतले किंवा बँकेतले अधिकारी, क्वचित एखादे वकील. आयुष्याच्या उत्तरार्धातली दहा-पंधरा वर्षे ते भाऊबंदांना पत्रे पाठवण्यात, उत्तरे न आल्यास स्मरणपत्रे पाठवण्यात आणि मूळ गावच्या देवळात जाऊन गुरवाला प्रश्न विचारण्यात घालवतात. ग्रंथ छापला जातो, कुलसंमेलनात वाटला जातो, जो तो आपापल्या घराण्याचे पान पाहतो, आणि मग तो कपाटात जातो. टीकाकाराने तो वाचावा असे लेखकाला वाटत नाही आणि टीकाकारालाही वाटत नाही.

प्रस्तुत लेख तसे वाचन करून पाहण्याचा प्रयत्न आहे. त्यातही माझा रोख महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घराण्यांच्या कुलवृत्तांतांवर आहे, कारण या ग्रंथांवर एक जादा ओझे असते. पुण्या-रत्नागिरीच्या घराण्याला ‘आपण कोण’ एवढेच सांगायचे असते. ग्वाल्हेर, बडोदे, इंदूर किंवा तंजावर येथल्या घराण्याला त्याबरोबर ‘आपण येथे का’ हेही सांगावे लागते. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदात क्वचितच सापडते. ते आजीच्या तोंडी असते. त्या उत्तरालाच मी येथे कुलकथा म्हणतो. कुलकथा खरी की खोटी हे ठरवण्याची आपल्याला फार घाई असते. त्याआधी ती कोणी, कोणापुढे आणि कशासाठी सांगितली हे विचारले पाहिजे, आणि आपले कुलवृत्तांत नेमके हेच विचारत नाहीत, असे माझे म्हणणे आहे.

२

घराण्याची हकीकत सांगण्याची आपली परंपरा जुनी आहे, पण ती निवांतपणे सांगण्याची परंपरा नव्हती. वतनाचा तंटा उभा राहिला की दोन्ही पक्ष मजलिशीपुढे आपापला करीना मांडत. वतन मूळचे कोणाचे, कोणी कोणाला मारले, कोण परागंदा झाले आणि कोणत्या पिढीत परत आले, हे सारे त्यात येई. निवाडा झाला की त्याचा महजर होई आणि हरलेला पक्ष यजितखत लिहून देई. करीन्यांतला थरार आजही वाचनीय वाटतो. पण तो न्यायसभेला उद्देशून केलेला युक्तिवाद होता. ज्या घटनेने वतनावरचा हक्क सिद्ध होतो ती विस्ताराने येणार आणि ज्या घटनेने तो डळमळतो ती गाळली जाणार, हे त्या लेखनातच गृहीत होते.

पुढे इंग्रजी अमलात १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि मुंबई इलाख्यातील इनामदारांना आपल्या हक्काचे पुरावे द्यावे लागले. पुराव्यांबरोबर वंशावळ जोडावी लागे. अनेक घरांतून आज जपून ठेवलेल्या, तांबड्या-काळ्या शाईत रेखाटलेल्या वंशावळी अशा कचेरीच्या प्रश्नाला दिलेली उत्तरे आहेत. कचेरीला वारस कोण हे हवे होते. म्हणून त्यांत मुलगे आले आणि मुली गळाल्या. निपुत्रिक भावांची शाखा ‘नकल’ या एका शब्दाने मिटली. आणि दत्तक पुत्र कधी ठळकपणे, तर कधी अगदी अस्पष्टपणे नोंदला गेला, जसा प्रसंग तसा. विसाव्या शतकातल्या कुलवृत्तांतकारांनी या वंशावळी हाती लागताच त्यांना घराण्याची स्मृती मानले. वास्तविक ती घराण्याची कैफियत होती. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापताना बखरीपेक्षा अस्सल पत्राला प्रमाण मानण्याचा धडा घालून दिला. तो आपण उचलला. पण अस्सल कागदही कोणाला तरी उद्देशून लिहिलेला असतो, हा धडा मात्र निसटला.

कचेरीखेरीज आणखी तीन ठिकाणी घराण्याची नावे टिकली. बेळगाव-कोल्हापूरकडे हेळवी बैल घेऊन दारी येतो आणि आपल्या वहीतून यजमानाचे पूर्वज वाचून दाखवतो. गुजरातेत हेच काम वहीवंचा बारोट करीत आला. काशी, गया, नाशिक, त्र्यंबकेश्वर येथे तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. या तिघांचे साक्षीमूल्य सारखे नाही. हेळवी आणि वहीवंचा यांची मिळकत यजमानाच्या संतोषावर अवलंबून असल्याने आरंभीच्या पिढ्यांत राजे आणि ऋषी येण्याचा धोका असतो, मात्र अलीकडच्या सहा-सात पिढ्या बऱ्याच भरवशाच्या असतात. तीर्थोपाध्यायाच्या वहीत पुष्कळदा यात्रेकरूचे स्वतःचे हस्ताक्षर असते, तारीख असते, आणि बरोबर कोण आले होते तेही असते. अनेकदा तेथेच बायकांची नावे प्रथम भेटतात. श्राद्धात पित्याबरोबर माता, पितामही आणि प्रपितामही यांचाही नावाने उच्चार होतो, शिवाय मातामहाचे कुळही येते. जे नाव विधीला लागत होते ते तीन पिढ्या लक्षात ठेवले गेले. कचेरीला ते लागत नव्हते, म्हणून वंशावळीत ते उरले नाही.

३

स्थलांतराच्या कुलकथांचे काही साचे आहेत. सर्वांत परिचित साचा तीन भावांचा. एक मूळ गावी राहिला, दुसरा गायकवाडांबरोबर बडोद्यास गेला, तिसरा शिंद्यांबरोबर उत्तरेत. एकाच आडनावाची माणसे तीन ठिकाणी का आढळतात याचा सोयीस्कर खुलासा यातून होतो. ती माणसे दोनशे वर्षांच्या अवधीत, वेगवेगळ्या कारणांनी, कधी परस्परांशी संबंध नसतानाही गेली असतील, ही शक्यता त्यात मावत नाही. दुसरा साचा पानिपतचा. मूळपुरुष १४ जानेवारी १७६१ रोजी पडला किंवा जखमी होऊन वाचला. महादजींना राणेखान भिस्त्याने वाचवल्याची हकीकत उत्तरेतल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे, आणि अनेक कुलकथांतला मूळपुरुष त्याच वेळी शेजारच्याच झुडुपाआड असतो.

गोमंतकातला साचा निराळा आहे. तेथे देव गाठोड्यात बांधून रातोरात नदी ओलांडली जाते. ही कथा मात्र भूगोलावर उमटलेली आहे. कुशस्थळीचा मंगेश १५६० च्या सुमारास प्रियोळला गेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता, म्हणून देव तेथे गेले, आणि भक्त त्याहून दूर, कारवारपासून कोचीपर्यंत पांगले. देवाचे नाव आणि त्याचे जुने गाव ही येथे घराण्याची सनदच ठरते. उलट त्याच प्रदेशातली त्याहून जुनी कथा पाहावी. परशुरामाने त्रिहोत्रातून ब्राह्मण आणले, सहासष्ट कुळे वसली ती साष्टी आणि तीस वसली ती तिसवाडी, असे सह्याद्रिखंडाच्या परंपरेत सांगितले जाते. या ठिकाणी स्थळनामाचा अर्थ लावताना कथा घडली असण्याचा संभव अधिक. एकाच समाजाच्या दोन कथा, एक देवळांच्या साक्षीने उभी, दुसरी शब्दाच्या व्युत्पत्तीवर तोललेली. आणि कुलवृत्तांताच्या पहिल्याच पानावर त्या एकाच सुरात, एकाच क्रियापदाने सांगितल्या जातात. दा. ध. कोसंबींनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) या पुस्तकात जुन्या काबिजादीतल्या गावकरीचा विचार केला आहे. मिथक आणि शेतजमीन शेजारी ठेवून कशी वाचावीत याचा तो वस्तुपाठ आहे. आपल्या कुलवृत्तांतकारांनी तो वाचायला हवा होता. धर्मांतरित शाखेपाशी आपली वंशावळ थांबते. गावकरीच्या वांगडांत मात्र जुन्या कुळांची रचना धर्मांतरानंतरही टिकून राहिली, याची दखल त्यांना मग घ्यावी लागली असती.

कथा सांगण्याची वेळही किती बोलकी असते याचे उदाहरण तंजावरात आहे. दुसऱ्या सरफोजींनी भोसले घराण्याचा वृत्तांत १८०३ साली बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतला. एवढा दीर्घ मराठी शिलालेख दुसरा दाखवणे कठीण. १७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार कंपनीकडे गेला होता. राज्य गेल्यानंतर चार वर्षांनी घराण्याची हकीकत दगडात कोरावीशी वाटली, ही गोष्ट त्या हकीकतीतल्या कोणत्याही तपशिलाइतकीच महत्त्वाची आहे.

या सर्व साच्यांत एक गोष्ट जवळजवळ कधीच येत नाही. ती म्हणजे पोट. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते घरच्या कर्जाची चिंता आणि बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञातल्या दक्षिणेची आशा घेऊन, आणि ते त्यांनी न लाजता लिहून ठेवले. चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केले म्हणून आपल्याला ते वाचता येते. गोडसे परत आले. जे तिकडेच राहिले त्यांच्यांतले किती जण अशाच कारणाने निघाले असतील? पण त्यांच्या नातवंडांच्या कथांत तलवार आहे, दक्षिणा नाही.

४

हे सारे मी त्रयस्थपणे सांगत असलो तरी माझे स्वतःचे घर याला अपवाद नाही, म्हणून एक घरचीच गोष्ट सांगणे भाग आहे.

आमच्या घराण्याच्या दोन शाखा आहेत, लष्करची आणि इंदूरची. लष्करच्या शाखेची कथा अशी, की मूळपुरुष शिलेदार होता, पानिपतावर लढला आणि महादजींबरोबर माळव्यात आला. इंदूरच्या शाखेची कथा अशी, की पेशवाई बुडाल्यावर, १८१८ साली, स्वाभिमानाने देश सोडून तो इकडे आला. या दोन कथांवरून लग्नकार्यांत जुनी माणसे हमरीतुमरीवर येत. दोन्ही कथांचा आधार मात्र एकच निघाला. एका पोथीच्या शेवटच्या पानावर मूळपुरुषाच्या नावापुढे ‘१८१८’ एवढा आकडा आहे. इंदूरकरांनी तो इसवी सन मानला. लष्करकरांनी तो विक्रम संवत मानला, आणि संवतातून ५७ वजा केले की १७६१ येते. मात्र पानिपत झाले तो पौष शके १६८२ चा, म्हणजे संवत १८१७ चा. संवत १८१८ त्यानंतरच्या चैत्रात लागला. म्हणजे लष्करच्या बाजूने वाचले तरी तो आकडा लढाईचा नव्हे. दोन शाखांचा अभिमान एका अर्धवट लिहिलेल्या आकड्यावर उभा होता.

पुढे घरातल्याच एका रुमालात एका मोडी अर्जाची नक्कल मिळाली. अर्ज उज्जैनीहून केलेला आहे. लष्कर तेव्हा वसायचे होते. वर्ष अरबी शब्दांत आहे : खमस तिसैन मया व अलफ, म्हणजे सुहूर सन ११९५. त्यात ५९९ मिळवले की १७९४-९५ येते. महादजी १७९४ च्या फेब्रुवारीत वारले, त्यानंतरचा हा काळ. अर्ज एका विधवेचा आहे. नवरा उष्टरखान्याकडे, म्हणजे उंटांच्या कारखान्याकडे, कारकून होता. कूच चालू असताना आजाराने वारला. आठ महिन्यांचा रोजमुरा येणे आहे. दोन मुले लहान आहेत. थोरला जाणता झाल्यावर त्याचे नाव चाकरीत घालावे. देशी परत जावे तर तेथे थारा राहिलेला नाही. एवढाच मजकूर.

१८१८ ची कथा या कागदाने निकालात निघते, कारण त्या साली मूळपुरुष मरून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. पानिपतची कथा निकालात निघत नाही, पण शिलेदारीची निघते. आणि ‘आपण येथे का’ या प्रश्नाचे, मला माहीत असलेले सर्वांत जुने उत्तर या कागदात आहे. घराणे माळव्यात राहिले ते एका बाईला परत जाण्यासारखे ठिकाण उरले नव्हते म्हणून.

आमच्या कुलवृत्तांताचे संपादक माझे चुलतबंधू. कागद वाचून ते म्हणाले, ‘‘दादा, हे परिशिष्टात घालू. मुख्य ग्रंथात वडील मंडळींनी सांगितलेलेच राहू दे.’’ त्यांचे आक्षेप निव्वळ भावनिक नव्हते. ही नक्कल आहे, अस्सल नाही. आपल्याकडे नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याची चाल. तेव्हा हा कारकून मूळपुरुष नसून त्याचा आजोबा किंवा नातू असू शकेल. एकाच नावाच्या दोन माणसांचा एक माणूस होणे, किंवा एकाचे दोन होणे, हा हौशी वंशावळीतला नेहमीचा दोष आहे, हे त्यांचे म्हणणे मला मान्यच होते. मी नाव, पित्याचे नाव आणि मूळ गाव या तिन्ही गोष्टी जुळतात हे दाखवले. दोन मुलांची नावे वंशावळीशी जुळतात हेही दाखवले. त्यांनी ऐकून घेतले. ग्रंथ निघाला तेव्हा अर्ज परिशिष्टात होता आणि पहिल्या प्रकरणात शिलेदार घोड्यावर होता.

मला त्यांचा राग आला नाही. वर्गणी देणाऱ्या शंभर घरांना त्यांना तोंड द्यायचे होते, मला नव्हते. पण वाङ्मयीन दृष्टीने हा दोष आहे असे म्हटले पाहिजे, आणि तो एका ग्रंथाचा नसून या प्रकाराचा आहे. कुलवृत्तांताची रचनाच अशी झाली आहे की त्यात कथा पुढच्या दाराने येते आणि पुरावा मागच्या. दोन्ही एकाच पानावर समोरासमोर आली असती, तर कथेचेही भले झाले असते. उंटांचा कारकून शिलेदार कधी झाला? लष्करच्या शाखेतला कोणी तरी जहागिरीच्या उमेदवारीत होता, त्या पिढीत? की मुलींची लग्ने जमवताना? या प्रश्नांची उत्तरे ही घराण्याच्या इतिहासातली सर्वांत मनोरंजक पाने ठरली असती.

५

मूळपुरुष या कल्पनेविषयीही थोडे बोलायला हवे. माणसाला आईबाप दोन, आजे-आज्या चार, पुढे आठ. या हिशेबाने सातव्या पिढीत १२८ पूर्वज होतात. आपसांतल्या लग्नांमुळे प्रत्यक्षात ती संख्या कमी भरेल, तरी तत्त्व बदलत नाही. आडनावाबरोबर आलेला मूळपुरुष या १२८ पैकी एक. उरलेल्यांचा कुलवृत्तांतात मागमूस नसतो. अलीकडच्या कुलवृत्तांतांनी सुनांची माहेरची नावे आणि लेकींची सासरे आवर्जून दिली, ही सुधारणा मोठी आहे; मात्र ती अलीकडच्या तीन-चार पिढ्यांपुरती. आता जनुकीय चाचणीची भर पडली आहे. लाळेचा नमुना पाठवला की पूर्वज कळतात, अशी समजूत पसरते आहे. पण त्यातली पितृवंशाची चाचणी बापाच्या बापाच्या बापाचीच सरळ रेषा दाखवते, मातृवंशाची आईच्या आईच्या आईची. म्हणजे पुन्हा १२८ पैकी दोनच. शिवाय दत्तकाने घराणे चालले असेल तर रक्ताची रेषा आणि नावाची रेषा वेगळ्या पडणार. दत्तकपुत्राने श्राद्ध केले, कर्ज फेडले, देव्हारा सांभाळला; कुळ त्याचेच. चाचणीला ते दिसत नाही.

या प्रकाराचे बळ कादंबरीकारांनी आधी ओळखले, हे नमूद करावेसे वाटते. रंगनाथ पठारे यांनी २०१९ साली ‘सातपाटील कुलवृत्तांत’ असे नावच आपल्या कादंबरीला दिले आणि यादवकाळापासून आजपर्यंतचा सुमारे सातशे वर्षांचा पट एका कुळाच्या शोधातून मांडला. त्याआधी २०१० साली आलेल्या नेमाड्यांच्या ‘हिंदू’त खंडेराव हा पुरातत्त्वज्ञ घरी परततो आणि घराण्याची अडगळ उपसू लागतो. कागदाची पोकळी कल्पनेने भरण्याची मुभा कादंबरीकाराला असते, आणि आपण ती भरली हे तो लपवत नाही, कारण मुखपृष्ठावरच ‘कादंबरी’ असे छापलेले असते. कुलवृत्तांतकारही पोकळी भरतो. फक्त तसे सांगत नाही. दोघांत प्रामाणिक कोण, याचा विचार वाचकाने करावा.

कुलवृत्तांतांनी कथा टाकून द्याव्यात असे मी मुळीच म्हणत नाही. कागद फार थोड्या लोकांच्या वाट्याला आला. ज्यांना जमीन, वतन, चाकरी यांपैकी काही नव्हते त्यांच्याकडे कथेखेरीज काही नाही. माझी अपेक्षा माफक आहे. प्रत्येक कथेखाली ती कोणी, कोणत्या वर्षी, कोणाकडून ऐकून सांगितली ते छापावे. दोन शाखांच्या कथा जुळत नसतील तर त्या जुळवू नयेत, शेजारी ठेवाव्यात. शके, संवत, सुहूर, फसली यांपैकी मूळ आकडा कोणता होता तो जसाच्या तसा द्यावा आणि इसवी सन कंसात घालावा. मोडी कागदाचे बाळबोध वाचन देताना छायाचित्रही द्यावे. मोडी वाचणारे आता प्रत्येक गावी उरलेले नाहीत; आपली चूक पुढच्या पिढीला दुरुस्त करता यावी एवढी सोय तरी आपण ठेवून जावी.

आमच्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती निघणार आहे आणि परिशिष्टाचे काय करायचे यावर चुलतबंधूंशी पुन्हा बोलणे चालू आहे. शिलेदार राहू द्या, फक्त त्याच्याखाली सांगणाऱ्याचे नाव लिहा, एवढे मी त्यांना कळवले आहे. वंशावळीत मूळपुरुषाशेजारची जागा पहिल्या आवृत्तीत कोरी सुटली होती. अर्जाच्या शेवटी त्या बाईंचे नाव स्पष्ट वाचता येते.